इंजिनाची ठोक व ऑइल जळणे
जुन्या डिझेल पिकअपच्या इंजिनाची झीज दाखवणारी दोन लक्षणे. पूर्णा (जि. परभणी) भागात कापूस, सोयाबीन वाहणाऱ्या अशा गाड्यांची तपासणी धूर व आवाजावरून सुरू होते. निळा धूर म्हणजे ऑइल जळते : सकाळी इंजिन चालू करताना क्षणभर दिसल्यास व्हॉल्व्ह सील, लोडवर सतत दिसल्यास पिस्टन रिंग किंवा टर्बो यांवर संशय घेतात. ऑइलचे झाकण उघडताच जोराने धूर आल्यास ‘बॅक कॉम्प्रेशन’ (ज्वलनाचे वायू पिस्टनच्या कडेने खाली झिरपणे) समजतात. ठोक शोधताना जुन्या पंपाच्या इंजिनात एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट सैल करतात. आवाज कमी झाल्यास त्या सिलिंडरचा इंजेक्टर किंवा कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग तपासतात. कॉमन-रेल इंजिनात दाब प्रचंड असल्याने ही पद्धत धोक्याची. ऑइलचा दाब व कॉम्प्रेशन मोजूनच इंजिन उतरवावे.