घोडा कुणाचा, भाडं कुणाचं?

अमेरिकी सैन्यातल्या माणसाची बदली जर्मनीला झाली, की त्याच्या सोफा-कपाटांबरोबर त्याची स्वतःची गाडीही सरकारी खर्चाने समुद्रापार जाते. ठरलेल्या ठिकाणी गाडी नेऊन द्यायची, तिच्यावरचे ओरखडे कागदावर नोंदवायचे, सही करायची. काही आठवड्यांनी ती पलीकडच्या देशात मिळते. मी मालवाहतुकीचं सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या प्रत्येक फॉर्मवर ‘मालक’ आणि ‘बिल कोणाच्या नावे’ असे दोन वेगळे रकाने असतात. सैनिकाच्या गाडीबाबत पहिल्या रकान्यात सैनिक, दुसऱ्यात सरकार. सरळ वाटतं. पण सैनिकाचं स्वतःचं वाहन जेव्हा घोडा होतं, तेव्हा हे दोन रकाने वेगळे करायला शंभरेक वर्षं लागली. त्या गोष्टीतला सर्वात जुना शब्द मराठीतून गेलेला आहे.

तो शब्द म्हणजे शिलेदार. आज आपण तो कुणालाही लावतो. पक्षाचे शिलेदार, संघाचे शिलेदार, म्हणजे निष्ठावंत आणि भरवशाचे. मूळ अर्थ जरा व्यवहारी होता. ज्याचा घोडा आणि हत्यारं स्वतःची, तो शिलेदार. ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळतो, तो बारगीर. स्वतःची गाडी लावून ॲपवर धंदा करणारा आणि कंपनीची गाडी चालवणारा, असाच हा फरक. शिलेदाराला पगार जास्त, कारण त्यात घोड्याचं भाडं, दाणा आणि झीज हे सगळं आलं.

आणि घोड्याचा मृत्यूही त्यातच आला. खरी मेख तिथे होती. घोडा मेला की शिलेदार एका दिवसात पायदळात, शिवाय कर्ज डोक्यावर. असा माणूस लढाईत घोडा जपणारच. त्यात भित्रेपणा नाही, तो साधा हिशेब आहे. शिवाजी महाराजांचा भर पागेवर होता, आणि सभासदाच्या बखरीत शिलेदारांना पागेच्या हुकमाखाली ठेवल्याचं येतं, ते मला याच अंगाने समजतं. ज्याचं भांडवल पणाला लागलंय, त्याच्यावर हुकूम चालवणं अवघड. पेशवाईत फौजा पसरल्या तसे शिलेदार वाढले, आणि त्यांच्याबरोबर ही अडचणही वाढली.

आता समुद्र. मी बोईसरला राहतो. इथून तारापूरचा किनारा जवळ आहे, आणि या उत्तर कोकणच्या किनाऱ्याला घोडा फार पूर्वीपासून ठाऊक आहे. इथे तो जहाजातून उतरायचा. आपल्या दमट हवेत चांगल्या घोड्याची पैदास होत नाही. भीमथडीचं तट्टू काटक होतं, पण उंची, डौलदार जनावर अरबस्तान आणि इराणकडूनच यायचं. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो ठाण्याबद्दल लिहितो, की तिथल्या राजाने चाच्यांशी ठराव केला होता. लुटीत सापडलेले घोडे राजाचे, बाकीचा माल चाच्यांचा. सोनं चाच्यांना सोडून घोडा ठेवून घेणारा राजा! त्यावरून घोड्याची किंमत कळते. (पालघर जिल्हा ठाण्यातून वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला, त्यामुळे ही गोष्ट आपलीही म्हणायला हरकत नाही.)

पुढे हा किनारा पोर्तुगिजांकडे गेला. वसई, माहीम-केळवे, तारापूर, डहाणू या भागातली गावं त्यांनी आपल्या माणसांना पट्ट्याने दिली, तेव्हा संरक्षणासाठी घोडा बाळगण्याची अट घातली. म्हणजे गाव खा, पण वाहन तुझं आणि वेळ पडली की लढायला हजर. हाही शिलेदारच, फक्त पगाराऐवजी जमीन घेणारा. या पद्धतीचा फार उपयोग झाला नाही. १७३७ ते १७३९ या दोन वर्षांत चिमाजी आप्पांच्या फौजांनी हा सगळा पट्टा जिंकला. जानेवारी १७३९ मध्ये तारापूरचा किल्ला पडला. त्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. गंमत अशी, की घोडदळाबद्दल प्रसिद्ध असलेल्या मराठ्यांनी ही मोहीम मुख्यतः पायी लढून, सुरुंग लावून आणि तटावर चढून जिंकली. खाडी, चिखल आणि खाजण यांत घोड्याचं काही चालत नाही.

शिलेदाराचा घोडा खऱ्या अर्थाने जहाजात चढला तो इंग्रजांच्या काळात. जून १८१७ च्या पुणे तहाने दुसऱ्या बाजीरावावर घोडदळाचा खर्च लादला गेला, आणि त्यातून त्याच वर्षी पूना ऑक्झिलरी हॉर्स उभं राहिलं. काही महिन्यांत तेच घोडदळ पेशव्याच्याच विरोधात लढत होतं. ज्याचं बिल, त्याच्यावरच वार. इंग्रजांनी या पलटणी शिलेदारी पद्धतीवर चालवल्या आणि शब्दही तोच उचलला, ‘सिलादार’. कारण उघड होतं, ही पद्धत स्वस्त पडायची. भरती होणाऱ्या सवाराने घोडा आणायचा किंवा घोड्याचे पैसे पलटणीत भरायचे. त्या भांडवलाला ‘असामी’ म्हणत. नोकरी सोडली की ते परत मिळायचं. घोडा आजाराने मेला तर ‘चंदा’ नावाच्या निधीतून दुसरा घ्यायचा, आणि त्या निधीत प्रत्येक सवार दरमहा वर्गणी भरायचा. आजच्या भाषेत तो पलटणीचा आपापसातला विमा. सवारांच्या जोडीमागे एक घसियारा असायचा. त्याने तट्टू घेऊन रानात जायचं आणि दोन घोड्यांपुरतं गवत कापून आणायचं.

ही पद्धत जमिनीवर चोख होती. दौंड असो की दिल्ली, घसियाऱ्याला गवत मिळतं, बाजारात घोडा मिळतो, पलटणीचं ठाणं मागे असतं. पण समजा, हीच पलटण जहाजात घातली तर?

१८५६ साली हे घडलं. इराणशी युद्ध पुकारलं गेलं आणि मुंबईहून फौज निघाली. तिच्यात पूना हॉर्सचे सवार होते. डिसेंबरमध्ये बुशहरच्या दक्षिणेला हलिला उपसागरात फौज उतरली, आणि ८ फेब्रुवारी १८५७ ला खुशाबची लढाई झाली. तिथे पूना हॉर्स आणि तिसरी बॉम्बे लाइट कॅव्हलरी दोघीही होत्या. इतिहासाच्या पुस्तकांत बॉम्बे कॅव्हलरीने इराणी चौकोन फोडला त्याचं वर्णन असतं. मला त्याआधीचे दिवस जास्त महत्त्वाचे वाटतात.

कारण घोडा हा समुद्रप्रवासासाठी बनलेलाच नाही. त्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे जहाज लागलं तर त्याची सुटका नाही. पोटाखाली जाड कॅनव्हासचा पट्टा घालून त्याला उचलतात आणि जहाजात उतरवतात. आत अरुंद खणांमध्ये तो दिवसेंदिवस उभाच राहतो, आडवा होऊ शकत नाही. मुताच्या वासाने आणि कोंदट हवेने फुप्फुसं धरतात. एक साधा हिशेब करू. पलटणीचे ५०० घोडे, प्रत्येकी दिवसाला ३० लिटर पाणी, तीन आठवड्यांचा प्रवास. सव्वातीन लाख लिटरच्या आसपास गोडं पाणी झालं. आमच्याकडे सोसायटीत येतात ते दहा हजार लिटरचे टँकर धरले, तर तीसहून जास्त टँकर. वाळलेलं गवत दिवसाला सहा किलो धरलं तर ६० टनांच्या पुढे, दाणा वेगळा. एवढं सगळं एक सवार असामीतून उभं करू शकत नाही. जहाज, पाणी आणि चारा सरकारचाच. मग घोडा फक्त नावापुरता सवाराचा.

दहा वर्षांनी, १८६७-६८ मध्ये, सर रॉबर्ट नेपियरची फौज मुंबईहून अबिसिनियाला गेली. तिच्यात ४४ हत्तीसुद्धा होते आणि हजारो खेचरं. झुलाच्या किनाऱ्यावर प्यायचं पाणी इतकं कमी, की समुद्राचं पाणी उकळून, वाफ थंड करून वापरावं लागलं. सरकारी तिजोरीच्या जोरावर ती मोहीम निभावली.

खरी कसोटी लागली १९१४ ला. ऑक्टोबरमध्ये हिंदी घोडदळ फ्रान्समध्ये मार्सेय बंदरात उतरू लागलं. सिकंदराबाद ब्रिगेडमध्ये पूना हॉर्स आणि डेक्कन हॉर्स होत्या. ‘पूना’ नाव राहिलं, तरी आता पलटणीत मराठे फारसे नव्हते, राजपूत आणि मुसलमान सवार जास्त होते. शब्द मराठी आणि माणसं दुसरी, असं इंग्रजी फौजेत बऱ्याच ठिकाणी झालं. फ्रान्समध्ये खंदक होते, काटेरी तार होती आणि मशीनगन होत्या. घोडे मागे बांधून सवार खंदकात पायी लढले. १४ जुलै १९१६ ला डेक्कन हॉर्सने सोमच्या लढाईत हाय वुडजवळ घोड्यावरून हल्ला चढवला, तो अपवाद म्हणून लक्षात राहिलेला आहे.

शिलेदारी तिथेच मोडली. फ्रान्समध्ये मेलेल्या घोड्याच्या जागी सवार दुसरा कुठून विकत घेणार? घसियारा फ्लांडर्सच्या चिखलात गवत कापणार का? सवार मेला तर त्याच्या जागी येणाऱ्या नव्या पोराची असामी कोण भरणार? घोडा, खोगीर, चारा, भरती, सगळं सरकारने उचललं. हळूहळू ‘मालक’ या रकान्यातलं सवाराचं नाव निरर्थक झालं. १९२१ मध्ये घोडदळाची फेररचना झाली, ३९ पलटणींच्या २१ झाल्या आणि शिलेदारी पद्धत बंद झाली. खुशाबला शेजारी लढलेल्या पूना हॉर्स आणि बॉम्बे कॅव्हलरी याच वेळी एक झाल्या.

त्या पलटणीचं आपल्या गावाशी एक नातं पुढे जुळलं, म्हणून थोडं विषयांतर. १९६५ च्या युद्धात पूना हॉर्सचे कमांडिंग ऑफिसर होते लेफ्टनंट कर्नल अर्देशिर बुर्झोरजी तारापोर. आडनाव तारापूरवरून आलेलं पारशी आडनाव. फिल्लोरा-चविंडाच्या रणगाड्यांच्या लढाईत ते १६ सप्टेंबरला धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. शिलेदारांच्या पलटणीचं वाहन तोवर सेंच्युरियन रणगाडा झालं होतं, आणि रणगाड्याच्या मालकीचा प्रश्न कुणी विचारत नाही.

घोड्याच्या हिशेबात मालक आणि बिल भरणारा यांच्याखेरीज एक तिसरा माणूस होता, आणि तो आमच्या भागातला होता. मुंबईतल्या घोड्यांना आणि तबेल्यांना लागणारं गवत पालघर, डहाणू, उंबरगावच्या रानांतून जायचं. गवत कापायचं, वाळवायचं, दाबून गठ्ठे बांधायचे आणि बी.बी. अँड सी.आय. रेल्वेने मुंबईला पाठवायचे. हा मोठा धंदा होता. व्यापारी आणि जमीनदार एका बाजूला, कापणारे वारली दुसऱ्या बाजूला. पलटणीतला घसियारा निदान पगारपत्रकावर होता. इथल्या कापणाऱ्याचा पगार म्हणजे बहुतेकदा सावकाराच्या वहीतली वजाबाकी.

ऑक्टोबर १९४५ मध्ये किसान सभेच्या लाल बावट्याखाली वारल्यांनी गवतकापणीच्या दरासाठी संप केला. तलवाड्याला जमलेल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि माणसं मेली. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मध्ये हा लढा लिहून ठेवलाय. मागणी होती ५०० पौंड गवताला अडीच रुपये. वर धरलेल्या हिशेबाने ५०० पौंड म्हणजे एका घोड्याचा अडतीस दिवसांचा चारा.