खाडीच्या दोन काठांवर

अमेरिकेतल्या सुरुवातीच्या इंग्रज वसाहतींचा अभ्यास सुरू केला की एक जुना प्रश्न समोर येतो. १६०७ नंतर व्हर्जिनियात नदीकाठी तंबाखूचे मळे विखुरले, तर १६३० पासून मॅसॅच्युसेट्समध्ये प्रार्थनागृहाभोवती गावे दाटली. माणसे एकाच देशातली, तरी समाज इतके निराळे का? धर्मामुळे, की जमिनीमुळे? वसईकर विद्यार्थ्याला हा प्रश्न दारातच, वसई आणि मुंबईची तुलना करून तपासता येतो.

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि मुंबईची बेटे पोर्तुगीजांना दिली. १६६५ मध्ये मुंबई इंग्रजांच्या ताब्यात गेली. वसई मात्र १७३९ मध्ये मराठा सेनानी चिमाजी आप्पांनी तिथला किल्ला घेईपर्यंत पोर्तुगीजांचीच राहिली. म्हणजे सुमारे पाऊणशे वर्षे एकाच किनाऱ्यावर दोन राजवटी शेजारी नांदल्या.

वसईच्या वाड्यांना बावखलांचे, म्हणजे वाडीतल्या तळ्यांचे, गोडे पाणी होते. त्यावर रहाट फिरत. ऊस, केळी, पानवेली पिकत. जिथे जमीनच धन, तिथे सत्ता गावावर बसते. पोर्तुगीजांनी गावे सरदारांना खंडाने दिली, धर्मसंघही जमीनदार झाले आणि चर्च थेट वाडीत पोचले. मुंबईकडे एवढी जमीन नव्हती. भरतीचे पाणी आत शिरे, धान्य बाहेरून आणावे लागे आणि ठाण्याला पोर्तुगीज जकात घेत. तिथे माणसे येऊन राहिली तरच व्यापार चालणार होता. म्हणून गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिअरने पारशी, वाणी, मुसलमान साऱ्यांना आपापला धर्म पाळू दिला. ही सहिष्णुता हिशेबी होती, हे विसरू नये. याच इंग्रजांनी १७२० मध्ये पोर्तुगीज फ्रान्सिस्कन धर्मगुरूंना मुंबईतून घालवले.

तरी सारे श्रेय भूगोलाला देण्याची घाई नको. मुंबईचे तेच सुरेख बंदर पोर्तुगीजांकडेही एकशे तीस वर्षे होते. मुंबई तेव्हा माडांची आणि कोळीवाड्यांचीच राहिली. माझे मत असे, की जमिनीने पर्याय आखून दिले आणि धर्माने त्यांतला एक निवडायला लावला. हे मत खोडून काढणारा अभ्यासक भेटला तर आनंदच आहे.

या विषयाला पोर्तुगीज, मोडी आणि इंग्रजी अशी तिन्ही प्रकारची कागदपत्रे लागतात, हे ऐकून बिचकू नका. सुरुवात वसईच्या किल्ल्यातल्या थडग्यांवरच्या लेखांपासून करा, मग निर्मळ, नंदाखाल, आगाशी या जवळच्या गावांकडे वळा. ज्यांच्या घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलतात, त्यांना तिथल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलायला दुभाषा लागणार नाही. बावखले मात्र आधी पाहून घ्या. बरीच बुजवली गेली आहेत.