शिरक्याची एकोणीस सूत्रे

रसायनशास्त्रावर बोलायला युनियनचा माणूस कशाला उभा केला, अशी शंका आपल्यापैकी काहींना आली असेल. माझी शाळा सातवीतच सुटली. रसायनाशी ओळख झाली ती पुष्कळ पुढे, मुलीच्या अकरावीच्या पुस्तकातून. त्यात एक उदाहरण होते. शिरक्याला आंबटपणा देणाऱ्या आम्लाच्या शंभर भागांत कार्बन ४०, हायड्रोजन ६.७ आणि ऑक्सिजन ५३.३ भाग, तर त्याचे सूत्र काढा. मुलीने हे आकडे त्या त्या अणूच्या भाराने, म्हणजे १२, १ आणि १६ ने भागले. ३.३, ६.७, ३.३. एकास दोनास एक. दोन मिनिटांत काम झाले. मला मात्र प्रश्न पडला की, हे १२ आणि १६ ठरवले कोणी? अणू काही तराजूत बसत नाही!

ते ठरवण्यात रसायनशास्त्राची पन्नास वर्षे गेली.

मँचेस्टरच्या जॉन डाल्टनने १८०८ साली आपला अणुवाद ग्रंथरूपाने मांडला. पाण्यात एक भाग हायड्रोजनला ऑक्सिजन किती, हे वजनाने कळते. आजचा आकडा सुमारे ८ आहे. पण अणू किती? डाल्टनने सोपी वाट धरली. दोन मूलद्रव्यांचे एकच संयुग ठाऊक असेल, तर त्यात एकास एक अणू धरावा. १८११ साली इटलीच्या ॲव्होगाड्रोने वेगळे सांगितले. उष्णतामान व दाब सारखे असतील, तर सर्व वायूंच्या सारख्या आकारमानात सारखेच रेणू असतात. पाणी होताना हायड्रोजनची दोन मापे ऑक्सिजनच्या एका मापाशी मिळतात, हे गे-ल्युसाकने आधीच दाखवले होते. तेव्हा पाण्यात हायड्रोजनचे अणू दोन आणि ऑक्सिजनचा भार १६. मात्र यासाठी हायड्रोजनच्या रेणूत हायड्रोजनचेच दोन अणू जोडलेले मानावे लागत, आणि बर्झेलियससारख्या मातबराला ते पटणारे नव्हते. १८५६ साली ॲव्होगाड्रो वारला तरी त्याचे म्हणणे बाजूलाच पडून होते.

मग कोणी कार्बन ६ धरी, कोणी १२. ऑक्सिजन कोणी ८, कोणी १६. आता शिरक्याचे तेच आकडे ६, १ आणि ८ ने भागून पाहा. एकास एकास एक! तराजू खरा, भागाकार खरा, सूत्र मात्र निराळे. केकुलेने १८६१ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात या एका आम्लाची प्रचारातली एकोणीस सूत्रे छापली आहेत.

हा घोळ मिटावा म्हणून सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीत कार्ल्सरुह येथे शंभरावर रसायनशास्त्रज्ञ जमले. तीन दिवस वाद झाला आणि एकमत न होताच परिषद उठली. हात वर करून ठराव संमत करण्यात माझे आयुष्य गेले, पण अणूचा भार तसा ठरत नाही हे मलाही मान्य आहे. तेथे कॅनिझारो आला होता. १८४८ च्या सिसिलीतील उठावात पडल्यामुळे देश सोडावा लागलेला हा माणूस! (त्याच्याविषयी मला आपुलकी वाटते, ती लपवत नाही.) निघताना त्याच्या मित्राने सर्वांच्या हाती त्याची १८५८ सालची पुस्तिका दिली. तिच्यातली युक्ती शाळकरी पोरालाही कळेल. कार्बनी वायू आणि वाफा घ्या, ॲव्होगाड्रोच्या नियमाने रेणूचे वजन काढा, आणि त्यात कार्बन किती ते पाहा. कार्बन मोनॉक्साइडच्या २८ मध्ये १२. कार्बन डायऑक्साइडच्या ४४ मध्ये १२. इथरच्या ७४ मध्ये ४८. कोठेही ६ नाही, १८ नाही. मग अणू १२ चाच.

याच रेणुभाराने दुसरीही गाठ सुटली. एकास दोनास एक हे नुसते प्रमाण आहे. खात्यात एका बाईमागे दोन पुरुष आहेत एवढे कळले, तरी माणसे तीन की तीनशे ते कळत नाही; हजेरीपट पाहावा लागतो. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन यांचे हेच प्रमाण फॉर्माल्डिहाइडमध्ये आहे आणि ग्लुकोजमध्येही. एक विषारी वायू, एक आंबट, एक गोड! एका प्रमाणाचे वजन ३०. फॉर्माल्डिहाइडचा रेणू ३० चाच, शिरक्यातल्या आम्लाचा ६०, ग्लुकोजचा १८०. म्हणून आम्लात कार्बन दोन, हायड्रोजन चार, ऑक्सिजन दोन, आणि ग्लुकोजमध्ये सहा, बारा, सहा.

ती पुस्तिका लोथार मायरने घरी परतताना वाचली, पुन्हा पुन्हा वाचली, आणि १८६४ साली तिच्याच आधारावर आपला ग्रंथ लिहिला. परिषदेत मेंडेलेव्ह नावाचा सव्वीस वर्षांचा एक रशियन तरुणही होता. मूलद्रव्यांचा तक्ता त्याने मांडला तो १८६९ साली, याच नव्या अणुभारांवर.