माग चुकला तर

तुमच्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्स कर्नल असतो. मेमरी मिळाली नाही तर तो सावरतो का, हे तपासायला मेमरीची मागणी मुद्दाम नाकारतात. अकिनोबू मिता यांनी लिहिलेली ही सोय २००६च्या डिसेंबरात कर्नलमध्ये आली. नकार ठरावीक ड्रायव्हरलाच द्यायचा, तर मागणी कुठून आली याचा माग स्टॅकवरून काढावा लागतो. पण स्टॅकवर आधीच्या कामांचे शिळे पत्तेही पडून असतात. तेही मागात शिरले, तर नकार भलत्यालाच मिळतो.

नेमका माग काढणारा ड्वार्फ अनवाइंडर सदोष ठरला आणि लिनस टोरवाल्ड्स यांनी त्याच महिन्यात तो काढून टाकला. मग २००७ मध्ये ६४-बिट एक्स८६ वर ही चाळणीच बंद केली गेली. २०१७ मध्ये जॉश पॉइमबोफ यांचा ऑर्क अनवाइंडर आला, तरी बंदी उठायला आणखी काही वर्षे लागली. तोवर तिथे चाचण्या चालत, पण नेम धरता येत नसे.