एक दीर्घ, दोन ह्रस्व

संगणकाच्या इतर अवयवांत काही बिघाड झाला, तर त्याची वर्दी पडद्यावर अक्षरांनी देता येते. परंतु पडद्यावर चित्र उमटविण्याचा कारभार ज्या ग्राफिक्स कार्डाकडे सोपविलेला असतो, तेच निकामी झाल्यावर ही वर्दी कोणी आणि कोठे द्यावी, हा प्रश्न यंत्रकर्त्यांपुढे अगदी आरंभापासून होता. त्यांनी डोळ्यांचा मार्ग सोडून कानांचा धरला, आणि कार्डाच्या चिकित्सेची परंपरा तेथून सुरू झाली.

१९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. फ्लोरिडातील बोका रेटन येथे सिद्ध झालेल्या या यंत्राच्या मदरबोर्डावर चित्रनिर्मितीची काहीच तजवीज नव्हती. केवळ अक्षरे दाखविणारे एकरंगी कार्ड किंवा आकृत्याही काढणारे रंगीत कार्ड गिऱ्हाइकाने घ्यावे, ते स्लॉटमध्ये बसवावे आणि कोणते बसविले हे मदरबोर्डावरील चिमुकल्या स्विचांनी यंत्राला कळवावे, अशी योजना होती. वीज सुरू होताच बायॉस, म्हणजे यंत्र जागे करणारा मदरबोर्डावरील मूळ प्रोग्रॅम, एकेका अवयवाची हजेरी घेई, आणि कार्डाची पाळी आली की त्याच्या स्मृतीत काही लिहून तेच परत वाचून पाही. ही परीक्षा फसली, की स्पीकरमधून एक लांब व दोन आखूड नाद निघत. वृत्तशास्त्र जाणणाऱ्याला तो भगण चटकन ओळखू येईल. आयबीएमने बायॉसची समग्र संहिता आपल्या संदर्भग्रंथात छापली असल्यामुळे या नादाची जन्मनोंदही उपलब्ध आहे: तेथे षोडशमान पद्धतीने १०२ हा आकडा लिहिला आहे, त्यातील एक ही दीर्घांची आणि दोन ही ह्रस्वांची संख्या. एवढ्या निःसंदिग्धपणे जन्माचा दाखला मिळणारे संकेत विरळाच.

पुढे इतर कंपन्यांनीही बायॉस रचले. त्यांपैकी अ‍ॅवॉर्डने हाच नाद राखला, तर एएमआयने कार्डाच्या स्मृतिदोषासाठी आठ ह्रस्व नाद ठरविले. म्हणून बायॉस कोणाचा, हे जाणकार दुरुस्तीवाला आधी विचारतो. नाद ऐकल्यावर पहिला उपाय मात्र सर्वत्र एकच: वीज तोडून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातील स्थिरविद्युत उतरवावी, कार्ड काढून त्याच्या सोनेरी पट्ट्यांवरून खोडरबर हलकेच फिरवावे आणि ते पुन्हा घट्ट बसवावे. कारण पुष्कळदा दोष कार्डाचा नसून मळलेल्या वा सैलावलेल्या सांध्याचा असतो. पीसीआय एक्सप्रेस जातीच्या स्लॉटांच्या जमान्यात आणखी एक कारण आले: स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंतच वीज मिळते, आणि अधिक भूक असलेल्या कार्डाला पॉवर सप्लायची वेगळी केबल जोडण्याचे राहिले, तर पडदा काळाच राहतो.

पण पडदा उजळतो आणि चित्र मात्र विस्कटते, तेव्हा काय करावे? त्या चिकित्सेची शाखा १९८७ मधील. त्या वर्षी आयबीएमने पीएस/२ यंत्रांबरोबर व्हीजीए हे चित्रमानक आणले. त्यातील ६४० गुणिले ४८० ठिपके व १६ रंग ही मर्यादा पुढच्या प्रत्येक कार्डकर्त्याने किमान सामाईक पातळी म्हणून पाळली. विंडोज ९५ च्या सेफ मोडने तिचाच आश्रय घेतला. निर्मात्याचा खास ड्रायव्हर बाजूला ठेवून या साध्या रूपात यंत्र चालविले आणि चित्र स्वच्छ दिसले, तर संशय ड्रायव्हरवर घ्यावा. तेथेही रेघा उमटल्या, तर कार्डावर, केबलवर किंवा मॉनिटरवर. दोष कोणाच्या पदरी घालावा याचा इतका सरळ निवाडा करणारी युक्ती दुसरी मला आढळली नाही. विंडोज व्हिस्टापासून तर दोन सेकंदांत उत्तर न देणाऱ्या कार्डाला व्यवस्था स्वतःच पूर्वस्थितीवर आणू लागली.

हल्ली पुष्कळ कॅबिनेटांत स्पीकर नसतो. त्याऐवजी अनेक मदरबोर्डांवर व्हीजीए अशी अक्षरे लिहिलेला बारीक दिवा लागतो. मला नादच अधिक हितकर वाटतो, कारण मेजाखाली ठेवलेल्या बंद पेटीतूनही तो ऐकू येतो. स्पीकर जोडण्याच्या पिना अनेक मदरबोर्डांवर अद्याप शाबूत आहेत, आणि तो स्पीकर बाजारात अगदी किरकोळ किमतीत मिळतो.