बौद्धिक अक्षमता व प्राथमिक आरोग्यसेवा, इंग्लंडमधील

बालपणापासून बौद्धिक वाढ अपुरी राहिलेल्या व्यक्तींना कुटुंबवैद्याकडून मिळणारी वैद्यकीय सेवा व तिच्यात इंग्लंडमध्ये घडत गेलेली सुधारणा. ब्रिटनमध्ये या अवस्थेस ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ म्हणतात. मराठीत ‘अध्ययन अक्षमता’ म्हणून ओळखला जाणारा वाचन-लेखनातील दोष तो हा नव्हे.

१९१३ च्या मानसिक न्यूनताविषयक अधिनियमाने अशा व्यक्तींना संस्थांत व वसाहतींत ठेवण्याची पद्धत दृढ झाली. १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाल्यावर यांपैकी बऱ्याच संस्था रुग्णालये म्हणून तिच्याकडे आल्या आणि रहिवाशांच्या साध्या खोकल्या-तापाची जबाबदारीही तेथील वैद्यांवरच राहिली. कार्डिफच्या (वेल्स) ईली रुग्णालयातील रुग्णांच्या छळासंबंधीचा चौकशी अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. पाठोपाठ १९७१ च्या श्वेतपत्रिकेने संस्थांऐवजी समाजात राहण्याची सोय करण्याचे धोरण स्वीकारले व पुढील काही दशकांत ही मोठी रुग्णालये बंद होत गेली. रहिवासी बाहेर आले, पण त्यांना ओळखणारे वैद्य मागे राहिले, ही गोष्ट धोरणकर्त्यांच्या फारशी ध्यानी आली नाही.

रुग्णाने स्वतः येऊन तक्रार सांगावी, या गृहीतावर कुटुंबवैद्याची व्यवस्था उभी होती. ज्याला दुखणे शब्दांत मांडता येत नाही, तो तिच्या लेखी निरोगीच ठरे. दातदुखीने वा बद्धकोष्ठाने त्रासलेला माणूस डोके आपटू लागला वा अन्न नाकारू लागला, तर ते त्याच्या अक्षमतेचेच लक्षण समजले जाई. शारीरिक वा मानसिक आजार असा मूळ अक्षमतेआड दडून जाण्यास ‘निदानाचा झाकोळ’ म्हणता येईल. या अर्थाची इंग्रजी संज्ञा १९८२ पासून रूढ झाली.

मेनकॅप या संस्थेने २००७ मध्ये सहा बौद्धिक अक्षम रुग्णांच्या मृत्यूंची हकिकत प्रसिद्ध केली. त्यावरून नेमलेल्या सर जॉनथन मायकेल यांच्या चौकशीचा अहवाल २००८ मध्ये आला. त्याच वर्षी कुटुंबवैद्यांना वेगळे मानधन देऊन १८ वर्षांवरील व्यक्तींची वार्षिक आरोग्यतपासणी सुरू झाली. २०१४ मध्ये ही मर्यादा १४ वर्षांवर आणण्यात आली. तीत वजन, रक्तदाब, दृष्टी, श्रवण व अपस्माराची स्थिती पाहतात. चालू औषधे खरोखरच आवश्यक आहेत का, हेही तपासतात. डाऊन लक्षणसमूह असल्यास अवटू ग्रंथीकडे विशेष लक्ष देतात. भेटीस अधिक वेळ देणे, सोप्या शब्दांत सचित्र पत्रके पुरविणे यांसारखे बदलही अपेक्षित असतात. या पद्धतीचे खरे महत्त्व असे, की तीत तक्रारीची वाट न पाहता वैद्यच रुग्णास बोलावतो.

नैर्ऋत्य इंग्लंडमधील २४७ मृत्यूंच्या चौकशीत (२०१३) बौद्धिक अक्षम पुरुष सर्वसामान्यांपेक्षा सरासरी १३, तर स्त्रिया २० वर्षे आधी मरण पावत असल्याचे आढळले. चांगली वैद्यकीय सेवा मिळती, तर ३७ टक्के मृत्यू टळू शकले असते, असाही निष्कर्ष निघाला. नोंदवहीतील ७५ टक्के व्यक्तींची तपासणी २०२३-२४ पर्यंत व्हावी, असे उद्दिष्ट २०१९ मध्ये ठरविण्यात आले. परंतु मूळ अडचण नोंदवहीतच आहे. बौद्धिक अक्षमतेचे प्रमाण लोकसंख्येच्या सुमारे २ टक्के मानले जाते. कुटुंबवैद्यांकडील नोंदी मात्र जेमतेम अर्धा टक्का भरतात. राहिलेल्यांत सौम्य अक्षमता असलेले, एकटे राहणारे लोक पुष्कळ असून त्यांना तपासणीचे बोलावणे जातच नाही.