प्रगामी बहुकेंद्री श्वेतद्रव्यविकार (पीएमएल)
जेसी विषाणूमुळे होणारा मेंदूचा दुर्मीळ, बहुधा जीवघेणा विकार. प्रथम वर्णन १९५८. विषाणू १९७१ मध्ये वेगळा करण्यात आला. अनेकांना लहानपणीच लागण होऊन तो मूत्रपिंडात सुप्त राहतो. प्रत्यारोपित मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून घ्याव्या लागणाऱ्या मायकोफिनोलेटसारख्या औषधांनी प्रतिकारशक्ती दबली, की क्वचित तो मेंदूत बळावतो व चेतातंतूंचे मायलिन आवरण बनवणाऱ्या पेशी नष्ट करतो. एका अंगाची कमजोरी, अडखळते बोलणे, दृष्टिदोष काही आठवड्यांत वाढत जातात. ताप सहसा नसतो. त्यामुळे पक्षाघात समजून मोलाचा वेळ वाया जाऊ शकतो. निदान एमआरआय व मेरुद्रवाच्या पीसीआर तपासणीवरून होते. खात्रीचे विषाणुरोधक औषध नाही. प्रतिकारदमन कमी करणे हाच मुख्य उपाय. त्यात मूत्रपिंड गमावण्याचा धोका असला, तरी रुग्णाच्या जिवासाठी तो पत्करावा लागतो.